कल्चर रिपोर्टातील जिवाणूचा कोड सुटू नये म्हणून
डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ लिहिलेले असते आणि मागाहून आलेला कल्चर रिपोर्ट (नमुन्यात कोणता जिवाणू वाढला हे सांगणारा तपासणी अहवाल) फाइलच्या तळाशी जातो, त्यामुळे आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे कोड देताना जिवाणूचा कोड हमखास सुटतो. यासाठी आधी आजाराचा कोड लिहावा आणि त्याच्या शीर्षकात जिवाणूचे नाव आहे का, एवढेच पाहावे. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या एन३९.० या कोडमध्ये ते नाही, म्हणून ई. कोलाय हा जिवाणू असल्यास पुढे त्याचा बी९६.२ हा कोड जोडावा. क्लेबसिएला या जिवाणूच्या न्यूमोनियाला मात्र जे१५.० हा एकच कोड पुरतो, कारण त्याच्या शीर्षकातच जिवाणूचे नाव आहे. स्ट्रेप्टोकोकस व स्टॅफिलोकोकस या जिवाणूंचे कोड बी९५ मध्ये सापडतात. रिपोर्टात जिवाणू दिसला, तरी आजार त्याच्यामुळेच झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवलेले नसेल, तर त्यांना विचारल्याशिवाय कोड जोडू नये.