खोलीचं भाडं थेट कर्जाच्या मुद्दलात
सोलापुरात शिकायला आलेल्या मुलांना घरातली एखादी खोली भाड्याने दिलीत, तर ते पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका. दर महिन्याला थेट गृहकर्जाच्या मुद्दलात भरा. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, म्हणजे हप्ता साधारण १७,३५० रुपये. सुरुवातीपासून महिना ५,००० जादा भरलेत, तर हेच कर्ज १२ वर्षांच्या आत फिटतं! बँकेला मात्र लेखी कळवा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. भाडेकरार तोंडी नको, नोंदवूनच घ्या. आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा खोली देण्याआधी जादा टाकी बसवा.