कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी पाण्याखालचा दिवा निवडताना

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात तरंगते कण भरपूर. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लावला की फोटोभर पांढरे ठिपके येतात. तो बंद ठेवा आणि वेगळा व्हिडिओ लाइट, म्हणजे सतत पेटता राहणारा दिवा, घ्या.

दुकानात सगळे ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) सांगतात, पण आधी झोताची रुंदी विचारा: १०० अंश किंवा जास्त हवी. अंधाऱ्या खोलीत अर्ध्या मीटरवरून पांढऱ्या भिंतीवर दिवा मारून फोटो काढा. मधे प्रखर गोळा आणि कडेला काळोख दिसला, तर ती नुसती डायव्हिंगची टॉर्च आहे, फोटोला नको. सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या पुढे असेल तर प्रवाळाचा लाल रंग खरा येतो. जवळच्या फोटोंना १५०० ते २००० ल्युमेन मला पुरेसे वाटतात. तसेही मीटरभराच्या पलीकडे दिव्याचा फारसा उपयोग होत नाही.

दिवा लेन्सशेजारी कधीच नको. ट्रे (कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी) आणि आर्म (तिला जोडलेला, दिवा धरणारा दांडा) घेऊन तो बाजूला लांब धरा, तोंड किंचित बाहेर वळवा. पैसे कमी असतील तर दुसऱ्या दिव्याऐवजी आधी लांब आर्म घ्या.

जपायचं एकच: दिवा पूर्ण ताकदीवर पाण्याबाहेर चालू ठेवू नका. तो पाण्यानेच थंड होतो, हवेत पटकन तापतो.