कंपाउंड इंजिनाची जमवाजमव: लेथ सुरू करण्याआधी

वाफेच्या जुन्या मॉडेल इंजिनांच्या सुट्या भागांचा डबा टेबलावर उपडा केला की हात आधी चकचकीत फ्लायव्हीलकडे जातो. ते बाजूला ठेवा. आधी फक्त सिलिंडर वेचा, व्हर्नियर घ्या आणि प्रत्येकाचा आतला व्यास नि स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) कागदावर लिहा. कंपाउंडमध्ये एकच वाफ दोनदा राबते. लहान सिलिंडरातून सुटलेली वाफ मोठ्यात शिरते, त्यामुळे या दोघांच्या घनफळाचा मेळ बसला नाही तर बाकीचे भाग कितीही देखणे असले तरी इंजिन रडतच चालणार. व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक असा हिशेब दोन्हींचा करा आणि मोठ्याला लहानाने भागा. मॉडेलसाठी उत्तर दोन ते तीनच्या दरम्यान आलं की पुरे. स्ट्रोक सारखा असेल तर २० आणि ३० मिलिमीटरची जोडी २.२५ देते.

डब्यात दोन सिलिंडर हुबेहूब सारखे निघाले, तर कंपाउंडचा हट्ट सोडून साधं जुळं इंजिन केलेलं बरं. हट्ट सोडायचाच नसेल तर एकात गनमेटलची (कांस्याचा एक प्रकार) स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवा. २४ चं १६ केलं की पुन्हा २.२५. मात्र स्लीव्ह दाबण्याआधी वाफेच्या वाटा आत कुठे उघडतात ते टॉर्च मारून बघा. ती तोंडं स्लीव्हखाली गाडली जातात आणि नव्याने कोरावी लागतात. पिस्टन अर्थातच नवा करावा लागेल. पितळी सिलिंडरात पितळीच पिस्टन घालू नका, एकमेकांना धरतात.

यानंतर आटे. ज्या इंजिनांतून हे भाग आले ती वेगवेगळ्या काळातली असतील, तर मेट्रिक आणि बीए (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे एकाच डब्यात नांदत असतात. यात सर्वांत फसवी जोडी एम ५ आणि २ बीए. एकाचा पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) ०.८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ०.८१, पण व्यास ५ आणि ४.७. एम ५ चा नट २ बीएच्या बोल्टवर गुमान फिरतो, थोडा खुळखुळतो, आणि आपण म्हणतो, झिजला असेल. मी असाच एक नट स्टीम चेस्टच्या (सिलिंडरला वाफ देणाऱ्या पेटीच्या) झाकणावर आवळला होता. शेवटच्या पाव फेऱ्याला पान्याला काही लागेचना, आणि नट काढला तर आट्यांची पितळी तार त्याच्यासोबत बाहेर आली. तेव्हापासून पिच गेज डब्यातच ठेवतो आणि दोन जातींचे बोल्ट दोन बरण्यांत.

क्रँकशाफ्टवर दोन क्रँक ९० अंशांत असतील तर मधे रिसीव्हर, म्हणजे वाफ थोडा वेळ साठवणारी जागा, लागतोच, कारण लहान सिलिंडर वाफ सोडतो त्या क्षणी मोठा ती घेतोच असं नाही. रिसीव्हरमध्ये निदान लहान सिलिंडरभर जागा ठेवा; जाडसर तांब्याची नळी वळवली तरी भागतं. ब्रिटिश अभियंता आर्थर वूल्फने १८०४ मध्ये पेटंट घेतलेल्या धर्तीवर दोन्ही पिस्टन एकदम किंवा बरोबर उलटे चालवले तर रिसीव्हर टळतो, पण डेड सेंटरही (जिथे पिस्टन क्रँकला फिरवू शकत नाही ती टोकं) दोघांचे एकदमच येतात आणि दरवेळी फ्लायव्हीलला हात लावावा लागतो.

शाफ्टवर बसून व्हॉल्व्ह पुढेमागे हलवणाऱ्या चकत्या, म्हणजे एक्सेंट्रिक, डब्यात मिळाले तर त्यांची चाल डायल गेजने मोजा. ती पोर्टची (वाफेच्या तोंडाची) रुंदी अधिक लॅप (मधोमध असताना व्हॉल्व्ह तोंडापलीकडे जेवढा जातो ते अंतर) यांच्या दुप्पट हवी. पोर्ट २.५ आणि लॅप ०.८ असेल तर ६.६ मिलिमीटर. साध्या स्लाइड व्हॉल्व्हला (घसरत तोंडं उघडणारा-झाकणारा) एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० अंशांहून थोडा पुढे बसतो. मधे रॉकर, म्हणजे चाल उलटवणारी दांडी, असेल तर गणित उलटतं, म्हणून जुन्या शाफ्टवरच्या खुणेवर भरवसा नको. व्हॉल्व्ह त्याच्या चौकटीत किंचित सैल असू द्या. सिलिंडरात पाणी साचलं तर तो उचलला जाऊन वाट देतो. ड्रेन कॉक तरीही दोन्ही सिलिंडरांना लावा.

ओ रिंग व्हायटॉनच्या (उष्णता सोसणाऱ्या रबराच्या) घ्या. गेजवर ३ बारला वाफ साधारण १४४ अंश सेल्सिअस असते, तिथे साध्या नायट्राइलच्या रिंगा कडक होतात. ग्लँडला (पिस्टनचा दांडा बाहेर येतो तिथे) ग्रॅफाइटची दोरी, सोबत स्टीम ऑइल आणि ते वाफेत सोडणारा डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर. डब्यातला जुना बॉयलर, त्याचा इतिहास माहीत नसेल तर, शोकेसमध्ये ठेवा.

वाफेआधी हवेवर चाचणी घ्यायला कॉम्प्रेसर आणून ठेवा, पण पहिल्या चाचणीत खचू नका. गेजवर १ बार म्हणजे बाहेरच्या हवेचा साधारण १ बार धरून निरपेक्ष २ बार. ती हवा २.२५ पट पसरली की ०.९ च्या आसपास येते, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. मोठा पिस्टन तेव्हा ढकलत नाही, ब्रेक लावतो. दोष शोधत सगळं खोलण्याआधी दाब ३ वर न्या, किंवा मोठ्या सिलिंडरला थेट हवा द्या.

ही थेट वाट म्हणजे लहानसा बायपास कॉक. लहान सिलिंडर डेड सेंटरवर अडला की वाफ मोठ्याला देऊन इंजिन सुरू करायला तोच लागतो. मोठ्या सिलिंडरच्या स्टीम चेस्टमध्ये त्याचं भोक आत्ताच पाडून घ्या. इंजिन बेसप्लेटवर चढलं की तिथे ड्रिल पोचत नाही.