तांब्यावर ग्राफीन एकसारखं येत नाही? या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड थर; भट्टीत तापलेल्या तांब्याच्या फॉइलवर मिथेन सोडून तो वाढवतात (CVD पद्धत). या थरात भोकं राहिली, मध्येच दोन-तीन थर चढले की बहुतेक जण आधी मिथेनचा फ्लो कमी-जास्त करत बसतात. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक, कारण गडबड बऱ्याचदा मिथेन सोडायच्या आधीच झालेली असते, फॉइलमध्ये.

कॉपर फॉइल रोलिंग करून बनते, त्यामुळे तिच्यावर रेघा असतात, वर ऑक्साइड असतं, शिवाय कधी गंज लागू नये म्हणून दिलेलं कोटिंग. नुसतं अ‍ॅसिटोनने धुऊन भट्टीत सरकवलं तर ग्राफीनचे दाणे नेमके त्या रेघांवर रांगेत उगवतात, म्हणून मायक्रोस्कोपखाली अशा रांगा दिसल्या तर रेसिपीला हात लावू नका, फॉइल सुधारा. ऑक्साइड अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने किंवा पातळ नायट्रिकने काढा, जमलं तर फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये इलेक्ट्रोपॉलिश (वीज वापरून पृष्ठभाग गुळगुळीत करणं) करा. मग १००० अंश सेल्सिअसच्या आसपास हायड्रोजनमध्ये अ‍ॅनिलिंग (तापवून काही वेळ तसंच ठेवणं), आणि इथे घाई नको, तांब्याचे ग्रेन (स्फटिकांचे दाणे) मोठे व्हायला वेळ लागतो.

तापमान वाढवताना एक लक्षात ठेवा, तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बहुतेक भट्ट्यांमध्ये फॉइल ठेवलेल्या क्वार्ट्झ ट्यूबच्या बाहेर असतो, म्हणजे डिस्प्लेवरचा आकडा फॉइलचा नाहीच. कमी प्रेशरला तर तांबं वितळायच्या आधीच वाफ होऊन उडायला लागतं आणि ट्यूबच्या थंड टोकाला चकचकीत थर बसतो. तो दिसतोय म्हणजे पृष्ठभागही खडबडीत होतोय. ट्यूब जुनी झाली असेल तर क्वार्ट्झचे बारीक कण फॉइलवर पडतात आणि प्रत्येक कण नवीन न्यूक्लिएशन (ग्राफीनचा नवा दाणा उगवणं) सुरू करतो. पांढरे ठिपके दिसले की आधी ट्यूब बघा.

भोकं षटकोनी असतील तर ग्राफीन वाढलं नाही असं नाही, वाढून परत खाल्लं गेलंय. हायड्रोजन जास्त झाला, लीकमधून ऑक्सिजन आला, किंवा कूलिंग सुरू होताना मिथेन आधीच बंद केला आणि हायड्रोजन तसाच चालू राहिला. लीक टेस्ट मात्र रोज करा, हायड्रोजन आहे, गंमत नाही.

तांब्याऐवजी निकेलवर ग्राफीन वाढवणाऱ्यांचं गणित वेगळं. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग झाकला गेला की वाढ आपोआप मंदावते. निकेल गरम असताना कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना बाहेर टाकतं, म्हणून तिथे कूलिंग रेट आणि फिल्मची जाडी सांभाळा, नाहीतर ग्रेन बाउंडरीवर (दाण्यांच्या सीमेवर) जाड थर येणारच. तांब्याची रेसिपी निकेलवर तशीच चालवणारे लोक बघितलेत, काय बोलणार!

ट्रान्सफरनंतर (ग्राफीन तांब्यावरून दुसऱ्या पृष्ठभागावर नेल्यावर) ते फाटलेलं बघून ग्रोथला दोष देण्याआधी, अजून तांब्यावरच असलेलं सॅम्पल हवेत हॉटप्लेटवर १५०-२०० अंशांना थोडा वेळ ठेवा. उघडं तांबं ऑक्सिडाइझ होऊन लालसर-तपकिरी होतं, ग्राफीनने झाकलेलं चमकदार राहतं, त्यामुळे भोकं कुठे आहेत ते लगेच कळतं. रामन स्पेक्ट्रोस्कोपीचा (लेझरने थर तपासायची पद्धत) एकच स्पॉट घेऊन 'सिंगल लेयर' लिहू नका, बऱ्याच जागा तपासून मॅपिंग करा. आणि ग्राफीन फॉइलच्या मागच्या बाजूलाही वाढतं, ते ऑक्सिजन प्लाझ्माने काढलं नाही तर तांबं एच करताना (रसायनात विरघळवताना) त्याचे तुकडे पुढच्या बाजूच्या थराला चिकटतात आणि मग तुम्ही उगाच बायलेयर (दुहेरी थर) कुठून आला ते शोधत बसता.