मुलांना बायबलमधली माणसं भेटवताना या चुका टाळा

संडे स्कूलमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे गोष्ट रंगायच्या आधीच तात्पर्य सांगून मोकळं होणं. "दावीद शूर होता, तुम्हीही शूर व्हा." मुलं मान डोलावतात आणि घरी जाईपर्यंत दावीद विसरतात.

त्यापेक्षा वर्गात खरी गोफण आणा. ज्वारी राखणाऱ्यांच्या हातात खेड्यातल्या मुलांनी ती पाहिलेली असते, शहरातल्यांना ती हाताळू द्या. मग १ शमुवेल १७ वाचा. शौल राजाचं चिलखत घालून दावीदला चालताच येईना, म्हणून त्याने ते उतरवलं आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचले. थोरल्या भावाचा ढगळ गणवेश घालणाऱ्या मुलाला हे लगेच कळतं.

पण दावीदला गल्याथाशी झालेल्या लढाईपाशीच सोडून देऊ नका. दहा-बारा वर्षांच्या मुलांना नाथान संदेष्ट्याचा दाखला (२ शमुवेल १२) सांगाच. गरिबाची एकच कोकरी, त्याच्या घासातलं खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. श्रीमंताने पाहुण्यासाठी नेमकी तीच कापली. हे ऐकून राजा झालेला दावीद भडकतो आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." दावीदने आपला सैनिक उरीया याची बायको घेतली, त्याला लढाईत मरायला पाठवलं, एवढं सांगितलं तरी पुरे. "मग देवाला तो आवडायचा कसा?" असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न झटकू नका. पापाची कबुली देणारा राजा त्याच अध्यायात आहे, तो मुलांकडूनच वाचून घ्या.

चित्रांवर विसंबणं हीसुद्धा चूकच. एदेन बागेतल्या फळाला उत्पत्तीत नाव नाही, सफरचंद नंतर आलं. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) किती ते मत्तयाने सांगितलेलं नाही, तीन भेटी सांगितल्या. आणि सिंहांच्या गुहेतला दानीएल चित्रात तरुण दिसतो. बाबेलला नेला तेव्हा तो कोवळा होता, दारयावेश राजाच्या काळी मात्र ऐंशीच्या घरातला असणार. मुलांना म्हणा, आपल्या आजोबांएवढा.

नावांचा घोळ झाला तर गाव जोडा: बेथानीची मरीया, मग्दालीया मरीया.

आणि वर्ग कंटाळला तर एसाव या थोरल्या भावाच्या गोष्टीच्या दिवशी मसुरीचं वरण शिजवा. आमच्याकडे वाफ वर्गभर पसरली तेव्हा एक मुलगी वाटीत डोकावून म्हणाली, "बाई, एवढ्यासाठी त्याने थोरलेपण विकलं?" मी म्हटलं, "आधी सांग, भूक लागलीय का?"