ॲग्री करायचंय? मग आधी घरातले तीन कागद काढा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न, ॲग्रीला (म्हणजे शेतीच्या पदवीला) ॲडमिशन घेऊ का, पुढे स्कोप काय? आणि विचारणाऱ्याला एकरात गुंठे किती हेच माहीत नसतं (४० असतात). म्हणून कॉलेजच्या जाहिराती बघायच्या आधी तीन गोष्टी जमा करा, सातबारा, खताची रिकामी गोणी आणि बाजारातली पट्टी (माल विकल्यावर मिळते ती हिशेबाची पावती). गोणी म्हणजे कागद नाही, पण चालतंय. घरी शेती नसेल तर मामाकडून फोटो मागवा, सातबारा तर महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा एकत्र. वरच्या भागात जमीन कुणाच्या नावावर आणि किती, खाली त्यात पीक काय. क्षेत्र ०.८०.०० असं दिसलं तर ते ८० आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर, हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, तेव्हा हे झालं दोन एकराला जरासं कमी. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, खडक, नाला वगैरे. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, दिसतो. जिरायत म्हणजे पावसावरची, बागायत म्हणजे पाण्याखालची. हे वाचताना मजा आली तर बँकेतली ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची पोस्ट लक्षात ठेवा, आयबीपीएसच्या (बँकांच्या भरतीच्या) परीक्षेतून भरतात आणि कामच पीककर्जाचं असतं. नाबार्ड ही शेतीची राष्ट्रीय बँक पण आहे पण तिथं स्पर्धा तगडी.

आता गोणी. इथं जरा थांबा कारण निम्मी ॲग्री इथंच आहे. गोणीवर १०:२६:२६ लिहिलेलं असतं, ते अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे (एन, पी, के) टक्के. युरियात फक्त नत्र, ४६ टक्के. गंमत अशी की विद्यापीठाची शिफारस असते हेक्टरी किलोत, शेतकरी बोलतो एकरावर आणि दुकानदार विकतो गोणीवर, हे तिन्ही जुळवायचं काम कुणीतरी करायला लागतं आणि तो कुणीतरी म्हणजे तुम्ही. समजा हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचंय आणि सगळं युरियातून द्यायचं ठरवलं, तर १०० भागिले ०.४६, म्हणजे साधारण २१७ किलो युरिया, त्याला अडीचने भागा, एकरी ८७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. पण ते एकदम टाकायचं नाही, हप्त्याने द्यायचं आणि वापसा बघून. वापसा म्हणजे पाणी निचरून मातीत ओलावा आणि हवा दोन्ही राहतील अशी स्थिती, हा शब्द कुठल्याच गोणीवर सापडणार नाही, रानात जाऊन ढेकूळ हातात घ्यावं लागतं. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब असे शब्द येतात, तेही याच खात्यातले.

हे आवडलं तर रस्ते बरेच. स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकता येतं, त्याच्या लायसन्सला ॲग्रीची पदवी उपयोगी पडते. कृषी विभागातल्या भरत्या आहेत, एमपीएससीची कृषी सेवा आहे. संशोधन करायचं तर एमएस्सी आणि पुढे पीएचडी, महाराष्ट्रातच राजगुरूनगरला कांदा-लसूण, मांजरीला द्राक्ष, सोलापूरला डाळिंब, नागपूरला कापूस आणि संत्री यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संशोधन संस्था आहेत. खत-बियाणे कंपनीतला सेल्सचा जॉब लवकर मिळतो पण खरं सांगायचं तर त्यात शेती कमी आणि टार्गेट, डीलरकडची वसुली, बाईकवरचं फिरणं जास्त. बोलका स्वभाव असेल तर जमेल.

आता पट्टी. तिच्यावर वजन क्विंटलमध्ये (१०० किलो), दर, हमाली, तोलाई (वजन करायचा खर्च). शेजारी हमीभाव (सरकारने ठरवलेला किमान दर) लिहून बघा, २०२५-२६ ला सोयाबीनचा क्विंटलला ५३२८ रुपये होता, आणि मग आपल्या मालाचा दर. फरक का पडला, ओलावा, माती-काडीकचरा, आवक, हे शोधायची खाज सुटली तर तुम्ही बाजाराच्या बाजूचे. तिथले रस्ते म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी, निर्यात, फूड टेक्नॉलॉजी, पदवीनंतर ॲग्रीबिझनेसचं एमबीए किंवा तशीच पदव्युत्तर पदविका (हैदराबादच्या मॅनेज संस्थेची नावाजलेली).

प्रवेशाचं थोडक्यात. बीएस्सी ॲग्री चार वर्षं, बारावी सायन्स आणि सीईटी. दहावीनंतर कृषी तंत्र पदविका. जनावरांचा डॉक्टर व्हायचंय तर तो रस्ता वेगळा, त्याला नीट ही परीक्षा लागते. राज्यात सरकारी कृषी विद्यापीठं चार, राहुरी, अकोला, परभणी, दापोली. खासगी कॉलेज असेल तर यातल्या कुणाशी संलग्न आहे ते आधी विचारा आणि कॉलेजचं स्वतःचं शेत किती आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा, नुसती इमारत बघून फी भरू नका. शेवटच्या वर्षी रावे असतं, गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं, ते तिथं खरंच होतं की फक्त फोटो काढून फाईल भरतात हे सीनियर पोरांना विचारा, ते खरं सांगतील. आणि घरच्या सातबाऱ्यावर प्रवेशाला जादा गुण मिळतात, त्याचे दाखले फॉर्म सुटायच्या आधीच काढून ठेवा, नंतर तहसीलला तोबा गर्दी असते.