पुण्यात राहून समुद्रात पोहायचं तर

पुण्याला समुद्र नाही, तरी आमचा पोहणाऱ्यांचा गट वर्षातून पाच-सहा रविवार कोकणात काढतो. निवृत्त बँकवाले काका आहेत, कॉलेजातली दोन पोरं आहेत, पन्नाशीत पोहायला शिकलेली एक मावशी आहे. नवा माणूस आला की पहिल्यांदा विचारतो, "सामान काय काय घेऊ?" सामानाचं नंतर बघू. आधी तिथी बघा.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरती पुरी होण्याची वेळ साधारण कळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दशमीला साडेसात; सकाळी तीच आणि संध्याकाळीही जवळपास तीच. रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. पक्ष कुठलाही असो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि सकाळी सहाला ओहोटी. दिवेआगरसारख्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा पाणी इतकं आत गेलेलं असतं, की पोहण्यापेक्षा चालणंच जास्त होतं; पुढे भरतीचं पाणी जोरात चढतं ते वेगळंच. अष्टमीच्या पुढे-मागे भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. म्हणून कालनिर्णय उघडून नवमी-दशमीचा रविवार शोधायचा. पाणी सातच्या आसपास भरलेलं आणि बरंचसं थांबलेलं मिळतं. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्राचा विचारही करू नका.

तलावातली तयारी दोन महिने आधी सुरू करा. न थांबता एक किलोमीटर, म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात काठ ते काठ चाळीसदा, जमल्याशिवाय समुद्र नाही. वेग कितीही असो. शिवाय उताणं होऊन दहा मिनिटं नुसतं तरंगता आलं पाहिजे. आमच्यातले जुने लोक पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून विहिरीत शिकलेले, त्यांना हे आपोआप येतं. कोचिंगवाल्या पोरांना मुद्दाम शिकवावं लागतं.

तलावाच्या तळाला काळी रेघ असते, समुद्रात काहीच नसतं. मोकळ्या लेनमध्ये डोळे मिटून सहा हात मारा आणि उघडा. मी दरवेळी डावीकडच्या दोरीला धडकायचो. तेव्हा कळलं की माझा उजवा हात जास्त ओढतो. आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघायचं, मग बाजूला वळून श्वास घ्यायचा, हेही इथेच घोटून घ्या. सरावासाठी धरणाच्या पाण्यात मात्र उतरू नका. तिथला गाळ आणि अचानक येणारी खोली भल्याभल्यांना फसवते.

आदल्या दिवशी उजेडात निघा. ताम्हिणीमार्गे दिवेआगरला चार-पाच तास धरा. रात्री दोनला निघून थेट पाण्यात उतरायचा हट्ट आम्ही एकदा केला, परत नाही. सामान थोडकंच: गॉगल, भडक रंगाची टोपी, कमरेला बांधायचा नारिंगी फुगा, व्हॅसलीन. व्हॅसलीन काखेत आणि मानेला चोपडून लावा. खाऱ्या पाण्यात कातडी घासली की अर्ध्या तासात लाल होते. पुरुषांनी दाढीही करावी, खुंट खांद्याला घासतात.

सकाळी अर्धं केळं आणि चहा पुरे. मग किनाऱ्यावर होड्यांशी कोणी कोळीदादा असेल तर विचारा, "दादा, पाणी कसं आहे आज?" तो "ओढ आहे" म्हणाला तर वाळूत फिरून परत या. तक्त्यापेक्षा मी त्याचं ऐकतो. लाटा फुटताना मधेच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसला तर तिथे उतरू नका. आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर ओढलं जात असतं. सापडलातच, तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग वळा. दमलात तर तरंगा आणि हात वर करा.

खुणेचं आधी ठरवा. पाण्यातून सगळी सुरूची झाडं सारखीच दिसतात. पहिल्या वेळी मी एक "आपलं" झाड धरून पोहलो आणि चपलांपासून बरीच लांब वाळूला लागलो. तेव्हापासून मावशी बांबूला लाल चादर बांधून रोवते.

उतरताना जोड्या लावा, माणसं मोजा. एक जण किनाऱ्यावर कपड्यांत बसलेला हवाच. उथळात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला, म्हणजे तळाला बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. मोठी लाट आली तर उडी न मारता खालून जा. नवख्यांनी छातीभर पाण्यात, किनाऱ्याला समांतर दोन-तीनशे मीटर पोहावं. वेग गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा. खाऱ्या पाण्यात अंग हलकं लागतं, त्यामुळे जोर येतो आणि सगळेच पुढे पळतात. काका मागून ओरडतात ते यासाठीच. जेलीफिश चावलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, गोडं पाणी नको. धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या तर थेट डॉक्टरकडे.

बाहेर येताना हात वाळूला लागेपर्यंत पोहत राहा, मग उभे राहा. पुन्हा मोजा. चूळ भरा, कान कोरडे करा. नंतर घरगुती खानावळीत आंबोळ्या आणि चहा. जेवणानंतर गाडी चालवणाऱ्याला तासभर झोपू द्या. ताम्हिणीची वळणं परतताना फार लांब होतात.